दिवाळीनंतरचा रंग

आवडता रंग कोणता, हा प्रश्न लहान मुलांना विचारायचा आणि मोठ्यांनी हसण्यावारी न्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. मला तो इतका बाळबोध वाटत नाही. माझा आवडता रंग सुकलेल्या गवताचा आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले माळ आणि डोंगरउतार दिवाळीच्या आगेमागे जो रंग धरतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत सोडत नाहीत, तो. हा एकच एक रंग नाही. नोव्हेंबरात तो पिवळट असतो, संक्रांतीपर्यंत तांबूस होतो, होळीनंतर उन्हाने विटून पांढुरका पडतो. रंगांच्या दुकानातल्या कार्डावर तो सापडला, तरी त्याला कुणी भिंतीवर लावणार नाही. या मुलखाची तारीफ करणारे लोकही त्याचं नाव घेत नाहीत. शहापूर-मुरबाड म्हटलं की जाहिरातीत, कॅलेंडरवर आणि मोबाइलच्या पडद्यावर येतो तो हिरवा : माळशेजचे धबधबे, माहुलीच्या पायथ्याचं धुकं, पाण्याने भरलेली खाचरं. तो हिरवा खोटा नाही. पण वर्षाच्या बारा महिन्यांतले जेमतेम चार-पाच महिने तो टिकतो, आणि त्याच्यावरून एका मुलखाची ओळख ठरवणं म्हणजे लग्नातल्या फोटोवरून माणसाचा स्वभाव ठरवण्यासारखं आहे. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. इथे हिरवा हा बहुतांशी येणाऱ्याजाणाऱ्यांचा रंग आहे आणि सुका हा राहणाऱ्यांचा. कुठला रंग आवडून घ्यायचा, यावर जमिनीचं काय करायचं हेही ठरत जातं, म्हणून हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा उरत नाही.

आधी रंग आवडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले स्टीव्हन पामर आणि कॅरन श्लॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये एक सिद्धान्त मांडला. माणसाला रंग आवडतो तो त्या रंगाच्या ज्या वस्तू त्याच्या वाट्याला आल्या त्यांच्यामुळे, असा त्याचा मथितार्थ. निळा बहुतेकांना आवडतो, कारण निरभ्र आकाश आणि स्वच्छ पाणी कुणाला नको असतं? मळकट पिवळा-तपकिरी बहुतेकांना आवडत नाही, कारण त्या रंगाबरोबर विष्ठा आणि सडलेलं अन्न आठवतं. ऑस्ट्रेलियाने २०१२मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरची सजावट काढून टाकली, तेव्हा लोकांना किळस यावी म्हणून मुद्दाम निवडलेला रंगही असाच गढूळ तपकिरी होता. म्हणजे माझ्या रंगाचे भाऊबंद जगाच्या बाजारात आधीच बदनाम आहेत. पण याच सिद्धान्ताचा दुसरा अर्थ असा की वस्तू बदलल्या की आवड बदलते. नामिबियातल्या हिंबा या गुरंपाळ समाजात ब्रिटिश संशोधकांनी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. युरोपात सर्वत्र आढळणारी निळ्याची ओढ तिथे आढळली नाही. सगळ्या माणसांना सारखेच रंग आवडतात हे गृहीत त्यामुळे डळमळलं. मग प्रश्न उरतो तो असा : शहापूर-मुरबाडात गवताच्या रंगाच्या वस्तू कोणत्या?

त्यांची मोजदाद करायला बसलं तर अख्खं घर आणि अख्खं वर्ष त्यात येतं. गवताने शाकारलेलं छप्पर त्या रंगाचं. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणामातीने लिंपला की वाळून त्याच रंगावर येतो. झोडणीनंतर खळ्यावर उरलेला पेंढा, त्याची घराशेजारी रचलेली उडवी, बैलांपुढे टाकलेली वैरण, धान्याच्या कणग्या, सुपं, टोपल्या, पावसाळ्यात शेतावर जाताना डोक्यावर घ्यायचं इरलंसुद्धा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी ती नावाजलेली. ती भरते तेव्हा आजूबाजूचा सगळा माळ या रंगात असतो, आणि माळ सुकल्याशिवाय असा बाजार भरूच शकत नाही. चिखल वाळलेला हवा, भात घरात आलेलं हवं, हातात चार पैसे हवेत, गुरांना वाटेत चरायला गवत हवं. लग्नंही याच रंगात होतात. पावसाच्या चार महिन्यांत इथला माणूस शेतात वाकलेला असतो. मान वर करून एकमेकांकडे पाहण्याचे, पाहुण्यांकडे जाण्याचे, देवाला जाण्याचे, नाचगाण्याचे दिवस गवत पिवळं पडल्यावरच सुरू होतात. त्यामुळे इथल्या माणसाच्या आठवणींत माणसांची गर्दी असेल, तर तिची पार्श्वभूमी बहुधा हिरवी नसते.

भाताची एक पेंढी जवळून पाहिली तर हा रंग किती मिश्र आहे ते कळतं. बुडखा काळपट असतो, कारण खाचराचा चिखल तिथे वाळून बसलेला असतो. वर प्रत्येक पेराशी तपकिरी कडं. पानांचे देठाला गुंडाळलेले भाग फिके, जवळजवळ हस्तिदंती. जिथे दोन काड्या एकमेकींना चिकटून ऊन लागलं नाही तिथे अजून हिरवट पट्टा शिल्लक. आणि काडीवरून बोट फिरवलं तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, ही चकाकी आणि ही खरखर तिचीच. पेंढी बांधायला सुतळी लागत नाही. दोन-चार ओल्या काड्यांना पीळ दिला की त्यांचाच बंध होतो. या रंगाला निर्जीव म्हणणाऱ्यांनी ही पेंढी नाकाशीही धरून पाहावी. चित्रकार मोनेने १८९०-९१च्या सुमारास धान्याच्या उडव्यांची पंचविसेक चित्रं काढली आणि पॅरिसवाल्यांना त्या पिवळ्यात जांभळा, गुलाबी, निळा असं सगळं दिसू लागलं. आपल्याला दिसायला परक्याची साक्ष कशाला हवी, हा प्रश्न आहेच. पण साक्ष आहे म्हणून नोंदवतो.

या वस्तूंमध्ये एक अशी आहे की जिच्यासाठी ठाणे जिल्ह्याने सरकारशी भांडण केलं. ती म्हणजे राब. भाताचं रोप ज्या तुकड्यावर वाढवायचं त्यावर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या कवळ्या, पालापाचोळा, सुकं गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पाऊस तोंडावर आला की ते भाजायचं. आग भडकू नये, आतल्या आत धुमसत राहावी, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवण्याची पद्धत. जमीन तापते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. इंग्रजी अंमलात जंगलाला कुंपण पडलं आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतून इतका ओरडा झाला की मुंबई सरकारला १८८५मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं : सुक्या पाल्याशिवाय हिरवं रोप नाही. वन खात्याला झाड दिसत होतं, शेतकऱ्याला झाड आणि खाचर यांच्यामधला दुवा दिसत होता. राबाची पद्धत योग्य की अयोग्य, यावर शेतीतज्ज्ञांत आजही दुमत आहे आणि फांद्या ओरबाडलेल्या ऐनाकडे पाहून वाईट वाटतं हेही खरं. मला त्या भांडणातली एकच गोष्ट इथे हवी आहे. जे सुकं ते वाया, हे समीकरण या भागात कधीच मान्य नव्हतं.

बाजारालाही ते मान्य नव्हतं. कल्याणहून वासिंदपर्यंत रेल्वे आली १८५५मध्ये, १८६१पर्यंत ती कसाऱ्याला पोचली. मुंबईत तेव्हा घोडे होते, बैल होते, पुढे म्हशींचे तबेले वाढले, आणि या सगळ्यांच्या पोटासाठी ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरांचं गवत शहराकडे जाऊ लागलं. वखारींत गवत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईला धाडायच्या, हा जिल्ह्याचा मोठा धंदा झाला. पाऊस संपल्यावर सुकं गवत कापायचं काम वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्यापैकी ज्यांच्या हाताला दुसरं काम नसेल त्यांचं. जानेवारी १९४५मध्ये शहापूरच्या शेजारी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथून प्रेरणा घेऊन गेलेल्या वारल्यांनी उंबरगाव-डहाणू भागात त्याच वर्षीच्या गवताच्या हंगामात काम बंद पाडलं. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह माणसं गेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा महाराष्ट्राला माहीत झाला. आज तो सगळा भाग पालघर जिल्ह्यात आणि गुजरातेत मोडतो, शहापूर आणि मुरबाड २०१४च्या विभाजनानंतरही ठाण्यात राहिले, पण गवत आणि ते कापणारे हात यांच्यात जिल्ह्याची सीमा कधी नव्हती. वेठबिगारीच्या विरोधातला हा मोठा लढा गवताच्या मजुरीवर उभा राहिला, ही गोष्ट रंगाच्या आठवणीतून वगळता येणार नाही.

इथेच पहिला मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. हा रंग कष्टाचा, अर्धपोटी राहण्याचा आणि घर सोडून जाण्याचा आहे, मग तो आवडतो म्हणणं ही पोट भरलेल्याची चैन नाही का? भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. दारं ओढून घेतलेल्या वाड्यांभोवतीचं गवत नेमकं तेव्हाच रंगावर येत असतं. मार्चपासून विहिरी तळ गाठतात. बाया डोक्यावर हंडे घेऊन ज्या पायवाटेने उतरतात ती याच गवतातून जाते. त्यांच्यातल्या एखादीला कुणी जाऊन सांगावं की बाई, तुझ्या वाटेचा रंग फार सुंदर आहे, तर तिने हंडा खाली ठेवून त्याला चार शब्द सुनवावेत, हेच योग्य. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की आक्षेपाचा नेम चुकतो. पाणी नाही म्हणून गवत सुकतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की गवत दरसाल सुकणारच होतं. हा पानगळीचा मुलूख आहे. टंचाई मात्र निसर्गाने लिहून दिलेली नाही. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२चं, मोडक सागर १९५७चा, पुढे भातसा, २०१४मध्ये मध्य वैतरणा. मुंबई रोज जे पाणी पिते त्याच्या जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. ज्या तालुक्याच्या पोटात हे जलाशय आहेत त्याच तालुक्याच्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. त्याचा दोष गवताच्या रंगावर टाकला की पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला कुणाकडे बघावं लागत नाही. पाऊस इथे थोडाथोडका नव्हे, दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पावसाळ्यातला तो हिरवा पाहून परतणाऱ्या पाहुण्याला वाटतं, इथे पाण्याला काय तोटा! सुक्या रंगात आलेल्याला निदान हा प्रश्न तरी पडतो की एवढं पाणी गेलं कुठे. म्हणजे टंचाई झाकण्याचं काम दोहोंपैकी हिरवा रंगच जास्त करतो.

आणि कष्टाची आठवण देणारा रंग आवडू नये, हा नियम कुणी केला? सुखाच्याच वस्तूंचे रंग आवडतात असं पामर आणि श्लॉस यांचं म्हणणं वरवर दिसतं. पण माणसाचं मन इतकं सरळ हिशेब करत नाही. ज्या वस्तूवर हात फिरून फिरून ती ओळखीची होते, तिच्याविषयीची माया सुखदुःखाच्या बेरजेतून निघत नाही. नोकरीसाठी मुंबईला जाऊन-येऊन असणाऱ्या शहापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये टिटवाळ्यापर्यंत इमारतींची रांग सुटत नाही. खडवली, वासिंद आलं की दरवाजातून माळ दिसू लागतो, आणि दिवाळीनंतर दिसतो तो पिवळाच. गाव आलं, हे त्या पिवळ्यावरून कळतं. या डब्यातल्या कुणालाही गवत कापल्याची आठवण असेलच असं नाही, आजोबांना होती एवढं माहीत असलं तरी पुरतं. रंगाबरोबर येणाऱ्या आठवणी पुष्कळदा स्वतःच्या नसतातच, त्या घरात ऐकलेल्या असतात. मुरबाडकराला ही सोयही नाही, तिथे अजून रेल्वे पोचलेली नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येईल. शेतकऱ्याला हिरवंगार पीक आवडतं, त्याच्यासाठी हिरवा हाच भरभराटीचा रंग. नवरीच्या हातातला चुडा हिरवा, ओटीतलं खण-पातळ हिरवं, मग हिरवा पाहुण्यांचा रंग कसा? या आक्षेपात तथ्य आहे. आवणी झाल्यावर रोपांनी मूळ धरलं, पिवळेपणा जाऊन गडद हिरवा आला, की शेतकरी खरोखर सुखावतो. पण ते सुख धास्तीचं असतं. करपा पडेल का, तुडतुडे येतील का, पोटरीत असताना पाऊस दडी मारेल का. भात हिरवं असेपर्यंत ते घरचं झालेलं नसतं. लोंब्या वाकल्या, रान पिवळं पडलं, की मग डोळ्यांत तेल घालून आभाळाकडे बघणं सुरू होतं, कारण परतीचा पाऊस पिवळ्या भाताचा घात करतो. कापून, वाळवून, उडवी रचून झाली की मगच माणूस निर्धास्त झोपतो. म्हणजे शेतकऱ्याच्या लेखीही हिरवा रंग आशेचा आहे आणि सुका हातात आल्याचा. चुड्याचंही तसंच आहे, तो पुढच्या संसाराच्या आशेनेच भरतात.

आता गवताची स्वतःची बाजू. हिरवेपणा जातो म्हणजे गवत मरतं, अशी समजूत आहे. पण बहुवार्षिक गवतं पाऊस ओसरला की पानांतलं हरितद्रव्य मोडतात, त्यातला नत्र आणि इतर उपयोगी माल मुळांकडे ओढून घेतात आणि वरचा भाग रिकामा करून ठेवतात. आपण ज्याला सुकणं म्हणतो ती आवराआवर आहे. साग, ऐन, कुडा, पळस हेही पानं टाकून तेच करतात. पानं ठेवली तर पाणी उडून जाईल, आणि पुढचे सहासात महिने पाणी मिळणार नाही हे झाडाला ठाऊक असावं, इतकं ते वेळेवर होतं. कुसळी गवताचं बी तर याहून नामी. त्याला एका टोकाला सुईसारखी अणी असते आणि दुसऱ्या टोकाला लांब, पिळलेलं, काळपट तपकिरी शेपूट. हवा दमट झाली की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या पीळ सुटण्या-बसण्यात बी गरगरत जमिनीत शिरतं. जमिनीत गेल्यामुळे वरून आग गेली तरी वाचतं. माळावरून चालणाऱ्याच्या पायजम्यात शिरणारं कुसळ ते हेच, आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं म्हणून आपण ज्याची निंदा करतो तेही हेच. इतकी अक्कल असलेल्या रंगाला आपण सुकाट म्हणून मोडीत काढतो.

वणव्याचं काय, असं कुणी विचारेल. सुकं गवत पेटतं. वन खातं दर हिवाळ्यात जाळरेषा काढतं, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावर रात्री आगीच्या माळा दिसतात. ससे, तितर, जमिनीवरची अंडी, सागाची कोवळी रोपं होरपळतात. यातले बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात, कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून, कुणी विडीच्या थोटकाने, कुणी उगाच. याचं समर्थन करता येत नाही आणि मी करत नाही. पण गवत वेळेवर कापून नेलं जायचं तेव्हा डोंगरावर जळायला मागे कमी उरायचं. शहरातले तबेले घटले, कापणीची मजुरी परवडेना, गुरं कमी झाली, तसं उभं गवत उभंच राहू लागलं. ते जळतं याचा दोष रंगाकडे कमी आणि त्याला कुणी विचारत नाही याकडे जास्त जातो.

न विचारण्याची ही सवय जुनी आहे. इंग्रजांच्या जमाबंदीत ज्या जमिनीवर नांगर चालत नाही ती पडीक. स्वातंत्र्यानंतरही आपल्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळ आणि झुडपी राने पडलेली आहेत. एकदा पडीक म्हटलं की तिचं भलं करायचं ठरतं, आणि भलं म्हणजे हिरवं करणं. महाराष्ट्र सरकारने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. झाडं लावण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. तोडलेल्या जंगलात ती लावलीच पाहिजेत. पण हिरवा म्हणजे चांगला आणि पिवळा म्हणजे ओसाड, एवढ्या एका आवडीवर जेव्हा खड्डे खणले जातात, तेव्हा जित्राबांचं कुरण, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि कापणाऱ्याची मजुरी यांचा विचार मागे पडतो. बारमाही हिरवी राहणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणपट्टीत जागोजागी लावली गेली. तिच्याखाली मे महिन्यातही सावली असते, पण जाऊन पाहावं, गुरांना खायला तिथे काय आहे.

सगळ्यात नवा हिरवा आहे तो फार्महाउसच्या हिरवळीचा. मुरबाडच्या रस्त्यावर आणि शहापूरच्या आडबाजूला गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो, आणि त्यामुळे हा वेग कमी होण्याचं चिन्ह नाही. कुंपणाच्या आत एप्रिलमध्ये हिरवंगार लॉन आणि बाहेर सुकलेला माळ, हे दृश्य आता कुणाला विचित्र वाटत नाही. कुंपणातला हिरवा बोअरवेलच्या पाण्याचा आहे, आणि त्याच भूजलावर शेजारच्या पाड्याची विहीर अवलंबून आहे. हा मुलूख आवडला म्हणून ज्याने इथे जागा घेतली, त्याला मुलखाचे आठ महिने मात्र नको आहेत. मला हे आवडीचं लक्षण वाटत नाही. घेणाऱ्याने एक उन्हाळा आपलं आवार सुकू द्यावं, पावसाने ते फुकटात हिरवं करून दिलं तर बरं, नाही तर बोअर आहेच!

वारली चित्रकलेच्या बाबतीतही आपण हाच घोटाळा करतो, हे जाता जाता सांगायला हवं. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोचलेल्या या कलेत सगळ्यांना आठवतो तो तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. पण तो पांढरा उठून दिसतो तो खालच्या शेणाच्या किंवा गेरूच्या सारवणामुळे. कागदावर आणि कापडावर चित्रं येऊ लागली तरी कलावंतांनी ती पार्श्वभूमी सोडली नाही. कप-बशा, साड्या आणि मेट्रोच्या भिंती यांवर छापणाऱ्यांनी मात्र तिच्या जागी पाहिजे तो रंग घातला, आणि आकृत्या तशाच राहूनही काही तरी हरवल्यासारखं का वाटतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

एक आक्षेप मीच माझ्यावर घेतो. जो रंग आवडून घ्यायचा म्हणून मी इतकं सांगतो आहे, तो ज्या वस्तूंवर राहत होता त्या वस्तूच चालल्या आहेत. शाकारलेली छपरं गेली आणि पत्रे आले, घरकुलांना स्लॅब आले. दरवर्षी छप्पर शाकारण्याचा त्रास ज्याने काढला आहे, त्याच्याकडे पाहून पत्र्याला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. पावसात गळणाऱ्या गवतापेक्षा तापणारा पत्रा बरा, असं तो म्हणाला तर ते ऐकून घ्यावं. १९६८च्या ‘जया’पासून भाताच्या ठेंगण्या जाती आल्या, दाणा वाढला आणि काडी आखूड झाली. नांगराला बैलांच्या जागी पॉवर टिलर आला, तेव्हा पेंढा कुणासाठी ठेवायचा हाही प्रश्न सुटला. म्हणजे पामर-श्लॉस यांचा सिद्धान्त खरा असेल, तर पुढच्या पिढीला हा रंग आवडण्याचं कारणच उरणार नाही. तिच्या वाट्याला त्या रंगाच्या वस्तू येणार नाहीत. यावर माझ्याकडे भक्कम उत्तर नाही. इतकंच दिसतं की छप्पर गेलं, उडवी लहान झाली, बैल गेले, तरी माळ अजून दरसाल पिवळा पडतो. त्याचं काय करायचं, त्यावर इमारती बांधायच्या, बाभळी लावायच्या, लॉन अंथरायचं, की कुरण म्हणून राखून गवताला पुन्हा भाव मिळवून द्यायचा, हे ठरायचं आहे. कुरण राखण्याचा अधिकार ग्रामसभेला २००६च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. सामूहिक वनहक्काचे दावे करताना बहुतेक गावं मोह, तेंदू, बांबू यांचीच नावं पुढे करतात. त्या यादीत गवताचं नाव ठळक लिहायला हरकत नाही.